कैरीचे मूळ आकडे

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी ऑफिसातल्या कॉम्प्युटरने डॉ. उल्हास नेर्लेकरांना कळवलं, की यंदा लखनौजवळच्या मलिहाबादचा दशहरी जातीचा आंबा दिवाळीच्या सुमारास उतरवायला येईल.

कळवलं म्हणजे काय, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक तारीख उमटली आणि तिच्याखाली कर्सरची बारकी चौकोनी खूण लुकलुकत राहिली. सोबत ना दिलगिरी, ना खुलासा. उल्हासरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दिवाळीच होती. खिडकीबाहेर फाटकाजवळचं दशहरीचं झाड आत्ताच फळांनी वाकलेलं होतं. ते फराळाच्या ताटासाठी थांबणार नाही हे सांगायला डॉक्टरेट लागत नव्हती.

लखनौतल्या एका छोट्या सरकारी शेती-हवामान केंद्रात उल्हासराव शास्त्रज्ञ होते आणि 'कैरी' नावाचा हा प्रोग्रॅम त्यांच्या ताब्यात होता. त्याला हवामानाचे रोजचे आकडे भरवायचे, एका ओळीचा हुकूम टाइप करायचा, की आंबा कधी उतरवावा ते तो सांगे. त्यात बटण नव्हतं, चित्र नव्हतं, रंग नव्हता. उन्हाला किती वजन द्यायचं, रात्रीच्या गारव्याला किती, अवकाळी पावसाला किती, हे आत ठरवून ठेवलेलं होतं आणि कुणालाही बदलता येत होतं. लिहिला होता देवयानी जोगळेकर मॅडमनी. त्या निवृत्त होऊन सांगलीला गेल्या, आणि जाताना म्हणाल्या होत्या, "सांभाळ हं." उल्हासरावांना त्या काळ्या पडद्याचा असा काही धाक होता, की कैरी चालवण्याआधी ते मोबाईल पालथा ठेवत आणि खुर्चीत पाठ टेकत नसत.

धाक होता, तरी आकड्यांत हात घातला गेलाच. आणि तो एकट्या उल्हासरावांचा नव्हता.

झालं असं, की मॅडम गेल्यावर पहिल्याच हंगामात तेलीबागेतले त्यांचे शेजारी इंद्रजित सक्सेना एका संध्याकाळी चहाला आले. सक्सेना रेल्वेच्या मालविभागातून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठली गोष्ट कधी येऊन पोचेल याबद्दल त्यांची मतं ठाम असत. कप खाली ठेवून ते म्हणाले, "डॉक्टर साहब, बुरा न मानें तो एक बात अर्ज़ करूँ? आपके हिसाब में पुरवाई कहीं है ही नहीं।"

पुरवाई म्हणजे पूर्वेकडून येणारा दमट वारा. तो हिशेबात खरंच नव्हता. आता, जो माणूस 'बुरा न मानें' म्हणून सुरुवात करतो त्याला नाही कसं म्हणायचं, हे लखनौत इतकी वर्षं काढूनही उल्हासरावांना जमलेलं नव्हतं. उलट इथल्या बोलीचा त्यांना अभिमान होता. आलमबागच्या बाजारात दुकानदार त्यांना 'आप तो यहीं के लगते हैं' म्हणत, तेव्हा ते घरी येऊन बायकोला सांगत. कराडहून नवे आले होते तेव्हा याच आलमबागच्या बस स्टँडवर त्यांचं हिंदी ऐकून अख्खी रांग मागे वळली होती. तो विषय मात्र घरात निघत नसे. तर, दुसऱ्या दिवशी कैरीत पुरवाई आली.

मग केंद्रातल्या सहकारी नीलम त्रिपाठी म्हणाल्या, "सर, पुराने पेड़ अपनी मर्ज़ी के होते हैं।" जुन्या झाडांना वेगळं वजन मिळालं. डायरेक्टर साहेबांनी बैठकीत सुचवलं, "तारीख़ थोड़ी पॉज़िटिव रखिए," म्हणजे थोडी अलीकडची. त्याचाही एक आकडा झाला. इतकंच काय, एका वर्षी पद्मिनीवहिनी म्हणाल्या, की यंदा आपल्या बाल्कनीत पापड वाळता वाळत नाहीत. उल्हासरावांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन उन्हाचं वजन किंचित कमी केलं.

माणसाची एक गंमत असते. स्वतःच्या घरात ज्याला पंख्याचा वेग ठरवता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या यंत्रातला एक तरी काटा आपल्या हाताने फिरवायचा असतो. आणि तो फिरला, की तो तिथेच आहे ना, हे तो दरवर्षी येऊन बघतो. प्रत्येकाचा असा एकेक काटा कैरीत रुतला. त्या सगळ्यांनी एकमेकांना धक्के द्यायला सुरुवात केली, म्हणून सगळ्यांना सांभाळून घेणारे आकडे उल्हासरावांना स्वतः घालावे लागले. तेच त्यांचं संशोधन. त्यावर त्यांचा निबंध छापून आला होता, एक शालही मिळाली होती, आणि ती शाल पाहुण्यांना दिसेल अशा बेताने कपाटात ठेवलेली असे.

आणि आता दिवाळी.

दुपारी मलिहाबादहून जयसिंगांचा फोन आला. जयसिंग मोठे बागाईतदार. ते उल्हासरावांच्या तारखेवर मजूर बोलावत, ट्रक ठरवत, आणि त्यांच्याकडे बघून आजूबाजूचे बागवालेही तसंच करत. हंगामातली पहिली पेटी न चुकता तेलीबागेत उल्हासरावांच्या घरी येई.

"डॉक्टर साहब, आदाब। तारीख़ निकली?"

"शुक्रवार को गोष्ठी है न, वहीं बताएँगे।"

"ज़रूर। पिछली बार आपकी तारीख़ पर तोड़ा तो आधा माल खट्टा निकला। हमने आपसे कुछ कहा?"

"नहीं।"

"कहेंगे भी नहीं। बस इस बार भी ऊपर-नीचे हुआ, तो आगे से पंडितजी से मुहूर्त निकलवा लिया करेंगे। आप नाहक तकलीफ़ न उठाइएगा।"

कुणी शिवी दिली असती तर उल्हासरावांनी ती अंगाबाहेर टाकली असती. ही अशी रेशमी सुरी. फोन ठेवल्यावर बराच वेळ ते समोरच्या दिवाळीकडे बघत बसले. डॉक्टर नेर्लेकरांच्या जागी पंडितजी. म्हणजे शाल त्यांनाच नेऊन द्यायची.

शेवटी, कधी नव्हे ते, त्यांनी कैरीचं मदतीचं पान उघडलं. त्यात अगदी खाली एक हुकूम होता: कैरी, दोन आडव्या रेघा, रीसेट. सर्व आकडे मूळ किमतींवर येतील.

मूळ किमती. म्हणजे मॅडमच्या वेळच्या. उल्हासराव खुर्चीत सरळ झाले. इतकी वर्षं, एवढ्या सगळ्यांच्या वजनाखाली, त्या आत तशाच होत्या?

रात्री जेवताना त्यांनी पद्मिनीवहिनींना सांगितलं.

"म्हणजे तुमचं सगळं पुसलं जाणार?" वहिनींनी विचारलं.

"पुसलं नाही जाणार. मूळपदावर येईल."

"तेच ते. तुम्ही केलेलं जाईल ना?"

उल्हासरावांनी घास गिळला. हे त्यांना दुपारपासून कळत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपण काय भर घातली, या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यांत होतं. ते काढले आणि आंबा बरोबर आला, तर आपली भर शून्याच्याही खाली गेली. नाही काढले, तर पंडितजी.

"आमटी आज वेगळी लागतेय," ते म्हणाले.

"वेगळी कसली. मिसेस सक्सेनांनी सांगितलं म्हणून इतकी वर्षं टोमॅटो घालत होते. आज संपले होते, नाही घातले."

उल्हासरावांनी वाटीतली आमटी संपवली. त्यांनी वाटी पुढे केली.

पण सरकारी केंद्रात रीसेट म्हणजे नुसतं बोटाचं काम नव्हे. बदललेले आकडे वार्षिक बैठकीत मंजूर झालेले होते. ते मागे घ्यायला तेवढीच मंजुरी हवी. बुधवारी उल्हासरावांनी टिपण लिहून फाइल साहेबांपुढे ठेवली.

"बिल्कुल कीजिए," साहेब म्हणाले. "यह सब झाड़-झंखाड़ हटाइए। बस वो पॉज़िटिव वाला रहने दीजिएगा, मैंने ऊपर रिपोर्ट में लिखा हुआ है।"

नीलमजींनी फाइलवर सही करता करता मान डोलावली. "बहुत अच्छा निर्णय है, सर। सब साफ़ हो जाए। पुराने पेड़ों को छोड़कर।"

संध्याकाळी जिन्यात सक्सेना भेटले. त्यांना हे कुठून कळलं ते विचारण्यात अर्थ नव्हता. "वाह डॉक्टर साहब, उम्दा ख़याल है। लोगों ने भी जाने क्या-क्या डलवा रखा था। बस पुरवाई को हाथ न लगाइएगा।"

घरात वहिनी म्हणाल्या, "पापडांचं मात्र खरंच होतं हो."

मग उल्हासरावांनी मनात जमाखर्च मांडला. साहेबांचं ठेवायचं, नीलमजींचं ठेवायचं, सक्सेनांचं ठेवायचं, पापड ठेवायचे. ज्यांच्यासाठी कुणीही शब्द टाकला नव्हता असे आकडे फक्त एकाच माणसाचे उरत होते, आणि ज्याची शाल कपाटात होती तोच तो.

तेही त्यांनी करून पाहिलं. सुटे आकडे मूळपदावर नेण्याची सोय कैरीत होती. गुरुवारी सकाळी आल्या आल्या त्यांनी आपले सगळे काढले, बाकीच्यांचे तसेच ठेवले, आणि तारीख मागितली. कैरी म्हणाली, मकरसंक्रांत.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. उल्हासरावांनी मोबाईल पालथा ठेवला, दार लोटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मंजुरीशिवाय एक काम करायला बसले. एकेक अक्षर दाबताना ते आपल्या बोटांकडे परक्याच्या बोटांकडे बघावं तसे बघत होते. कैरी. रेघ. रेघ. रीसेट. एन्टरवर अंगठी घातलेलं बोट क्षणभर थांबलं, मग खाली गेलं.

काहीच झालं नाही.

म्हणजे ती चौकोनी खूण एक ओळ खाली आली आणि पूर्वीसारखी लुकलुकू लागली. उल्हासराव वाट बघत राहिले. त्यांच्या नोकरीत अर्ध्या दिवसाच्या रजेचीही पोच मिळे. निदान 'आपली खात्री आहे ना?' एवढं तरी यंत्राने विचारायला नको? या शहरात कुणी रिकाम्या खुर्चीवर बसतानाही दोनदा 'इजाज़त है?' म्हणतं. त्यांना वाटलं, फाइल कुठेतरी अडकली. त्यांनी हुकूम पुन्हा दिला. पुन्हा शांतता. जरा जोरात टाइप करून परत दिला. शांतता.

घाम पुसत त्यांनी मदतीचं पान पुन्हा उघडलं आणि या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत गेले. तिथे मॅडमनी साध्या शब्दांत लिहून ठेवलं होतं: काम झालं की हा प्रोग्रॅम गप्प राहतो. काही चुकलं तरच बोलतो.

उल्हासराव नकळत उभे राहिले. अख्ख्या हयातीत, कराडपासून लखनौपर्यंत, असा एकही माणूस त्यांना भेटला नव्हता.

मग त्यांनी आतले आकडे उघडून पाहिले. पुरवाई नव्हती. पॉज़िटिव नव्हतं. पापड नव्हते. बोटांवर मोजता येतील एवढेच आकडे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, आकड्याला चेहरा असतो असं धरलं तर, कसलीही तक्रार नव्हती. वरून एवढ्या लोकांचं एवढं शहाणपण ओतलं गेलं, आणि हे खाली बसून होते. कुणी बोलावेल म्हणून नाही, नुसते होते. उल्हासरावांच्या अंगावर काटा आला. देवळात जाऊनही त्यांना हल्ली असं होत नसे.

त्यांनी तारीख मागितली. कैरी म्हणाली, दहा जून.

शुक्रवारी गोष्ठीत, म्हणजे बागवाल्यांच्या सभेत, तीच तारीख त्यांनी वाचून दाखवली. साहेबांनी भाषणात सांगितलं, की केंद्राची पॉज़िटिव भूमिका यामागे आहे. नीलमजी हळूच म्हणाल्या, "देखा सर, पुराने पेड़ों ने लाज रख ली।" संध्याकाळी जिन्यात सक्सेना म्हणाले, "दस जून! यह पुरवाई का कमाल है।" तिन्ही वेळा उल्हासराव फक्त "जी" म्हणाले. खोटं बोलले नाहीत. लखनौत 'जी' म्हणजे हो असतंच असं नाही.

खरी परीक्षा पुढे होती. जूनच्या सुरुवातीला मोठी आंधी आली, बागाबागांतून कच्च्या आंब्यांचा सडा पडला, आणि घाबरून लोक फळ उतरवायला लागले. जयसिंगांचा फोन आला. या वेळी आदाब नव्हता.

"सब तोड़ रहे हैं, डॉक्टर साहब। मेरे मज़दूर पूछ रहे हैं। क्या करूँ?"

सवयीप्रमाणे उल्हासरावांच्या तोंडात चार सांभाळून घेणारी वाक्यं आली: थोडे उतरवा, थोडे ठेवा, जुनी झाडं आधी बघा, वाराही जरा. समोर पडद्यावर ती खूण लुकलुकत होती. तिला काही म्हणायचं नव्हतं.

"दस जून," ते म्हणाले. आणि त्यापुढे काहीच जोडलं नाही. चुकलो तर यंदा पेटी नाही, एवढंच नव्हे. त्या माणसाचं वर्ष जाईल.

दहा जूनला सकाळी ते मलिहाबादला पोचले तेव्हा जयसिंग बागेच्या तोंडाशी उभे होते. दोघं आत गेले. आत सावली इतकी दाट होती, की बाहेरचं ऊन कुठल्यातरी दुसऱ्या गावचं वाटावं. झाडाखाली पाण्याची बादली ठेवलेली होती. तयार झालेला आंबा पाण्यात बुडतो, कच्चा तरंगतो. मलिहाबादेत याहून मोठं न्यायालय नाही. जयसिंगांनी एका फांदीवरचा आंबा काढून बादलीत सोडला. तो तळाला गेला. दुसऱ्या झाडाचा सोडला; तळाला. मग ते आत आत जात राहिले, एखाद्या हट्टी माणसासारखे एकेका झाडाचा आंबा आणून सोडत राहिले. एकही वर राहिला नाही.

तेवढ्यात मागे कुठेतरी धप्प असा आवाज झाला. झाडावरच पिकलेला पहिला आंबा स्वतः होऊन खाली आला होता. त्याला इथे टपका म्हणतात, आणि तो पडला की बाग तयार झाली असं समजतात. जयसिंगांनी तो उचलला, धोतराच्या टोकाला पुसला आणि उल्हासरावांच्या हातात दिला. उल्हासरावांनी तिथेच उभ्याने देठ काढून तो चोखला. रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला. जिच्या पोटात एवढा वास आणि एवढं गोड भरलेलं आहे ती गोष्ट काळ्या पडद्यावरच्या चार आकड्यांना कशी काय ठाऊक होती, हे त्यांना समजेना, आणि समजत नाही याचंच त्यांना बरं वाटलं.

जयसिंग, ज्यांच्या बोलण्याला एरवी शेवट नसे, एक शब्द बोलले नाहीत. मजुरांना हाताने खूण करून ते शिड्यांकडे वळले.

काम झालं की गप्प राहतो, उल्हासरावांना आठवलं.

पेटी गाडीत घालून ते घरी आले आणि हात धुऊन लगेच सांगलीला फोन लावला. मॅडमच्या पाया पडायचं होतं, निदान फोनवर.

"मॅडम, कैरीचे मूळ आकडे. ते तुम्ही कसे काढलेत? मी इतकी वर्षं त्यावर... म्हणजे आज बागेत जाऊन आलो. सगळे बुडाले."

"बुडाले?"

"आंबे. म्हणजे बरोबर आलं."

"मग येणारच की. पण मला कशाला विचारतोस? प्रोग्रॅम मी लिहिला. आकडे तुझेच नाहीत का?"

"माझे?"

"अरे, मी सांख्यिकीवाली. मला आंब्यातलं काय कळतंय? तू नवा नवा होतास, रोज सकाळी आलमबागहून बस पकडून मलिहाबादला जायचास आणि संध्याकाळी येऊन सांगायचास, आज इतकं झालं, आज तितकं. ते मी टाकले आत."

उल्हासराव सोफ्यावर बसले. "पण मॅडम, तेव्हा मला काय येत होतं?"

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "हिंदीसुद्धा येत नव्हतं. बागवाले भोवती जमून तुला भारंभार सल्ले द्यायचे आणि तू नुसती मान डोलवायचास. तुला एक अक्षर कळायचं नाही. मग तू आपला झाडाकडे बघत बसायचास."

उल्हासरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता कसं आहे तुझं हिंदी?" मॅडमनी विचारलं.

"आता फार चांगलं झालंय, मॅडम."

"हं," मॅडम म्हणाल्या. "असू दे. चालायचंच."

फोन ठेवून उल्हासराव समोरच्या पेटीकडे बघत राहिले. कुणीतरी एक किडकिडीत, घाबरलेला, कराडचा मुलगा झाडाखाली उभा होता. सगळे त्याच्याशी बोलत होते आणि त्याच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. त्या मुलाला बोलावून शाल द्यावी असं त्यांना फार वाटलं.

दाराची बेल वाजली. सक्सेना होते, हातात रिकामं ताट, कारण पहिल्या पेटीतले चार आंबे त्यांच्याकडे जायचे ही प्रथा होती.

"मुबारक हो, डॉक्टर साहब। सारे मोहल्ले में आपका ही नाम है।" त्यांनी ताट जरा पुढे केलं. "बुरा न मानें तो अगले साल के लिए एक छोटी-सी बात अर्ज़ करूँ? यह जो लू चलती है न..."

उल्हासरावांनी त्यांच्या ताटात आंबे ठेवले. चार नव्हे, चांगले भरून. मग दोन्ही हात जोडले, आणि आलमबागच्या बस स्टँडवर एके काळी अख्खी रांग ज्या आवाजाला वळली होती, त्या आवाजात म्हणाले, "हमको हिंदी समझता नहीं।"

स्वयंपाकघरातली पळी वाजायची थांबली. सक्सेना ताट धरून उभे राहिले, आणखी काही येईल म्हणून.

काही चुकलेलं नव्हतं. त्यामुळे उल्हासराव गप्प राहिले.